दारचें कुत्रें आणि वैशाखाचा उष्मा

वैशाखाच्या भर दुपारीं वरळी कोळीवाड्याच्या किनाऱ्यावरील वर्दळ ओसरते. सकाळचा मासळीचा बाजार आटोपलेला असतो, होड्या कांठाला लागलेल्या असतात, आणि किल्ल्याच्या जुन्या दगडी भिंती तापून धग टाकूं लागतात. अशा वेळीं वस्तींतलीं कुत्रीं कोठें जातात याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. पण तें पाहण्यासारखें असतें. एखादें कुत्रें वर ओढून ठेवलेल्या होडीच्या पोटाखालीं ओल्या वाळूंत खळगा उकरून पडतें. दुसरें नळाजवळच्या ओल्या फरशीवर अंग पसरून देतें. तिसरें दोन घरांमधल्या नेमक्या त्या चिंचोळ्या बोळांत शिरतें, जेथें समुद्रावरून येणारी झुळूक थेट पोंचते. सावली, ओलावा आणि वारा या तीन गोष्टींचा शोध हा मुका प्राणी स्वतःच्या बुद्धीनें घेत असतो, आणि उष्म्यापासून कुत्र्याचें रक्षण करण्याचें बहुतेक सारें शास्त्र याच तीन शब्दांत सांठविलेलें आहे. ज्या कुत्र्याला हा शोध घेण्याची मोकळीक असते तें बहुधा तगून जातें. जें साखळीला बांधलेलें, पत्र्याखालच्या खोलींत कोंडलेलें, किंवा धन्याच्या हौसेखातर दुपारच्या रस्त्यावर पळविलेलें असतें, त्याच्या मात्र जिवावर बेततें.

श्रोतेहो, माणसाला उकडूं लागलें म्हणजे त्याच्या सर्वांगाला घाम सुटतो, आणि तो घाम वाळतांना अंगांतील उष्णता घेऊन जातो. कुत्र्याला ही सोय नाहीं. त्याच्या पायांच्या तळव्यांना थोडा घाम येतो, पण अंग निवविण्याच्या कामीं त्याचा उपयोग जवळजवळ नाहींच. कुत्र्याचा मुख्य भार जिभेवर, तोंडाच्या व नाकाच्या आंतील ओल्या त्वचेवर आणि श्वासावर असतो. स्वस्थ बसलेलें कुत्रें मिनिटाला साधारणतः १५ ते ३० वेळां श्वास घेतें. तेंच उष्म्यानें हैराण झालें म्हणजे जीभ बाहेर काढून मिनिटाला २०० हूनही अधिक वेळां धापा टाकतें. प्रत्येक धापेबरोबर तोंडांतील ओलाव्याची थोडी वाफ होते, आणि ती वाफ रक्तांतील उष्णता बाहेर नेते.

मातीच्या माठाचा व्यवहार हुबेहूब असाच असतो. माठाच्या अंगांतून पाझरलेलें पाणी वाळतें आणि त्या वाळण्यानें आंतलें पाणी गार होतें. नागपुरास किंवा अकोल्यास मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, पण हवा कोरडी असल्यामुळें माठांतलें पाणी दांतांना कळ लावण्याइतकें थंड होतें. तोच माठ मुंबईस आणून ठेवला तर पाणी जेमतेम निवतें. कारण समुद्राकांठची हवा आधींच बाष्पानें भरलेली असते आणि माठाचा घाम लवकर वाळत नाहीं. कुत्र्याची जीभ हाहि एक माठच होय. वरळीस मे महिन्यांत पारा सामान्यतः ३३-३४ अंशांच्या आसपास राहतो, आणि हा आंकडा वाचून पुष्कळ लोक निर्धास्त होतात. विदर्भांतलें ऊन कुत्र्याला मानवतें असा याचा अर्थ मुळींच नव्हे. तें तर फारच घातक. पण मुंबईच्या दमट ३४ अंशांत धापा टाकणाऱ्या कुत्र्याच्या श्रमाचें फळ त्याला पुरें मिळत नाहीं, ही गोष्ट उष्णतामापक सांगत नाहीं. उलट धापा टाकण्याच्या श्रमानेंच त्याचें अंग आणखी तापत जातें. ज्या दिवशीं वारा पडलेला असतो आणि दोरीवर टाकलेले कपडे लवकर वाळत नाहींत, तो दिवस कुत्र्यालाहि वाईट, एवढी खूण ध्यानांत ठेविली तरी पुरे.

उष्णता केवळ सूर्याकडूनच येते असेंहि नाहीं. धांवणाऱ्या प्राण्याच्या स्नायूंतून ती आंतल्या आंत निर्माण होत असते. इंग्लंडांतील पशुवैद्यांच्या दप्तरांवरून केलेली एक पाहणी २०२० सालीं प्रसिद्ध झाली. उष्माघात झालेल्या कुत्र्यांपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश कुत्र्यांना तो फिरविल्यामुळें, पळविल्यामुळें किंवा खेळविल्यामुळें झाला होता, असें तींत आढळून आलें. बंद मोटारींत कोंडलेल्या कुत्र्यांचें प्रमाण त्याहून पुष्कळच कमी भरलें. ज्या देशांतील उन्हाळा मुंबईच्या पौषासारखा वाटावा तेथली ही स्थिति. मग वरळीच्या समुद्राकांठच्या रस्त्यावर सकाळीं दहा वाजतां कुत्र्याला बरोबर घेऊन पळणाराने किती विचार करावयास हवा! कुत्रें धन्यावर इतकें लुब्ध असतें कीं, आपण थकलों हें तें बहुधा कळूं देत नाहीं. धनी धांवतो तोंवर तेंहि धांवतें. म्हणून उन्हाळ्यांत त्याला सकाळीं सातच्या आंत फिरवून आणावें, आणि संध्याकाळीं सूर्य मावळल्यावरहि कांहीं वेळ जाऊं द्यावा. कारण डांबर, सिमेंट व दगड दिवसभर प्यालेली धग लगेच सोडीत नाहींत. हाताची पालथी बाजू जमिनीवर टेकवून ७ अंक सावकाश मोजून पाहावे. तेवढा वेळ जी जमीन माणसाच्या हाताला सोसत नाहीं, ती कुत्र्याच्या तळव्यांनाहि सोसणार नाहीं.

सगळ्या कुत्र्यांना उष्मा सारखा बाधत नाहीं. गांवठी कुत्र्याचें अंग सडपातळ, केंस आंखूड आणि नाकाड लांब असतें. पिढ्यान्‌पिढ्या याच हवेंत वाढल्यामुळें त्याचा बांधा या हवेला साजेसा झाला आहे. याच्या उलट पग, बुलडॉग, बॉक्सर अशा चपट्या तोंडाच्या कुत्र्यांचा श्वासमार्गच अरुंद असतो. ज्या दारानें उष्णता बाहेर जावयाची तेंच दार अर्धें मिटलेलें, मग त्यांनीं निवावें कसें? बर्फाळ देशांतून आलेल्या दाट केंसांच्या जातींची अवस्थाहि अवघडच असते. यांखेरीज म्हातारीं, लठ्ठ, हृदयाच्या किंवा फुप्फुसाच्या विकारानें पीडलेलीं कुत्रीं व अगदीं लहान पिल्लें यांना जपावें. उन्हाळा आला म्हणून दाट केंसांच्या कुत्र्याचे सर्व केंस कातडीपर्यंत भादरून टाकण्याची चाल मात्र बरी नव्हे. केंस उन्हाला कांहींसे अडवितात. ते विंचरून मोकळे व स्वच्छ ठेवावेत, म्हणजे त्यांतून वारा खेळतो.

आतां घरचा विचार करूं जातां, कोळीवाड्यासारख्या दाट वस्तींत जागेची टंचाई ही मुख्य अडचण आहे. घरें एकमेकांना खेटून असतात, वरचा मजला पुष्कळदां पत्र्याचा असतो, आणि दुपारीं त्या पत्र्याखालीं भट्टीसारखी धग असते. अशा पोटमाळ्यावर कुत्र्याला कधींहि बांधूं नये. दाराबाहेर बांधावयाचें तर सकाळची सावली दुपारीं त्याच जागीं राहत नाहीं हें विसरतां कामा नये. आंखूड साखळीला बांधलेलें कुत्रें सरकणाऱ्या सावलीमागें जाऊं शकत नाहीं. तळमजल्याची मोकळी फरशी, तिच्यावर पाण्यानें भिजविलेलें एखादें गोणपाट आणि समोरून येणारा वारा, एवढ्यानें पुष्कळ काम भागतें. पंखा असेल तर त्याचा उपयोग कुत्र्याचें अंग भिजवून केल्यास अधिक होतो. नुसत्या कोरड्या वाऱ्याचा माणसाला होतो तेवढा उपयोग न घामेजणाऱ्या प्राण्याला होत नाहीं. मोटार सावलींत उभी केली व कांच बोटभर उघडी ठेविली तरी तींत कुत्र्याला एकटें सोडूं नये. आंतील हवा थोड्याच मिनिटांत असह्य होते.

पाण्याविषयीं थोडें सविस्तर सांगणें अवश्य आहे. १५ किलो वजनाच्या कुत्र्याला एरवीं दिवसाला पाऊण ते एक लिटर पाणी लागतें. उन्हाळ्यांत त्याची दुप्पटहि होतें. पाणी सावलींत, जड व पसरट भांड्यांत ठेवावें, म्हणजे तें लवंडत नाहीं. एकाच भांड्यावर विसंबण्यापेक्षां दोन ठिकाणीं ठेवणें चांगलें. समुद्र दाराशीं असला तरी त्याचा तहानेला उपयोग नाहीं. खारें पाणी प्यालेल्या कुत्र्याला वांत्या होतात, अंगांतलें गोडें पाणीहि कमी होतें, आणि मीठ फार झाल्यास मेंदूवर परिणाम होऊन तें दगावतेंहि. खारवलेल्या मासळीचे तुकडे ज्या कुत्र्यांच्या पोटांत जातात त्यांना तहान अधिक लागते, म्हणून मासळी सुकविण्याच्या जागेजवळ तर पाण्याचें भांडें हवेंच. भांड्यांत डांस होतील अशी एक रास्त तक्रार असते. तिच्यावर उपाय सोपा आहे: पाणी रोज ओतून टाकावें, भांडें घांसावें आणि नवें पाणी भरावें. डांसाच्या अळीला वाढावयास काहीं दिवस लागतात, आणि रोज बदललेल्या पाण्यांत तिला ते मिळत नाहींत.

इतकें करूनहि एखाद्या कुत्र्याला उष्मा बाधलाच तर तें ओळखावें कसें? निरोगी कुत्र्याच्या अंगांतील उष्णता १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारें ३८.३ ते ३९.२ अंश सेंटिग्रेड असते. ती ४१ अंशांच्या वर गेली म्हणजे मेंदू, मूत्रपिंडें, आंतडीं व रक्त यांवर घाला पडूं लागतो. प्रथम धाप वाढते आणि सावलींत बसल्यावरहि थांबत नाहीं. लाळ घट्ट व चिकट होऊन गळूं लागते. हिरड्या व जीभ लालभडक दिसतात. पुढें त्या फिकट किंवा निळसर होतात. कुत्रें हांकेला ओ देत नाहीं, नजर शून्य होते, पाय लटपटतात, तें झोंकांड्या खातें. कधीं वांती किंवा रक्तमिश्रित जुलाब होतात, आणि शेवटीं झटके येऊन तें निपचित पडतें.

येथेंच एक मोठा घोटाळा होतो, आणि त्यापायीं पुष्कळ कुत्र्यांचा जीव गेलेला आहे. गळणारी लाळ, शून्य नजर आणि झोंकांड्या पाहून गल्लींत एकच ओरड उठते कीं कुत्रें पिसाळलें! मग पाण्याच्या बादलीऐवजीं हातांत दगड येतो. उन्हाळा आणि कुत्र्याचें पिसाळणें यांची सांगड फार प्राचीन काळापासून माणसाच्या मनांत बसलेली आहे. आकाशांतील व्याध नांवाच्या तेजस्वी ताऱ्याला ग्रीक व रोमन लोक कुत्र्याचा तारा म्हणत. तो पहांटे पुन्हां दिसूं लागण्याचे दिवस त्यांच्याकडे कडक उन्हाळ्याचे, आणि त्या दिवसांत कुत्रीं पिसाळतात अशी त्यांची समजूत होती. मुंबईच्या इतिहासांतहि या समजुतीचा एक ठसा उमटलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं उन्हाळ्याच्या ठराविक दिवसांत शहरांतील बेवारशी कुत्रीं मारण्याचा सरकारी परिपाठ होता, आणि मारणाऱ्याला कुत्र्यामागें बक्षीस मिळे. १८३२ सालीं ही मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढविण्यांत आली. कुत्र्याला धर्मदृष्ट्या मान देणारा पारशी समाज त्यामुळें दुखावला गेला, आणि ६ जून १८३२ रोजीं कोटांत कुत्रीं मारणाऱ्या शिपायांवर जमाव चालून गेला. दुकानें बंद पडलीं, शहराचा व्यवहार थांबला. मुंबईचा कुत्र्यांपायीं झालेला दंगा म्हणून इतिहासकार ज्याचा उल्लेख करितात तो हाच.

त्या काळीं पिसाळण्याचें खरें कारण कोणालाच ठाऊक नव्हतें. पाश्चर यानें या रोगावरील लस माणसाला प्रथम टोंचली ती १८८५ सालीं. हा रोग एका सूक्ष्म विषाणूमुळें होतो आणि मुख्यतः रोगी प्राण्याच्या चाव्यांतून पसरतो. ऊन कितीहि कडक असलें तरी त्यानें कुत्रें पिसाळत नाहीं. पिसाळलेल्या कुत्र्याचा स्वभाव बहुधा काहीं दिवसांत पालटत जातो, त्याचा आवाज बदलतो, जबडा लोंबतो, त्याला घोट गिळतां येत नाहीं, तें कारणावांचून चावत सुटतें. उष्माघात झालेलें कुत्रें सकाळीं चांगलें असून दुपारीं उन्हांतच कोसळतें, आणि त्याचें अंग हाताला चटका बसेल असें तापलेलें असतें. तथापि दोहोंतील फरक दुरून निश्चित ओळखणें सामान्य माणसाला नेहमींच जमेल असें नाहीं, आणि रेबीज हा झाल्यावर बरा होणारा रोग नाहीं. म्हणून अनोळखी कुत्र्याच्या तोंडाजवळ हात नेऊं नये. मुलांना दूर करावें, लांबूनच नळीनें किंवा बादलीनें त्याच्या अंगावर पाणी ओतावें, आणि प्राणिरक्षक संस्थेस कळवावें. दुर्दैवानें चावा बसलाच तर जखम वाहत्या पाण्यानें व साबणानें १५ मिनिटें धुवून त्याच दिवशीं रुग्णालयांत जाऊन लस घ्यावी. ही सावधगिरी पाळली म्हणजे दयेपायीं कोणाचा जीव धोक्यांत पडत नाहीं, आणि भीतीपायीं निरपराध जनावराचा बळीहि जात नाहीं.

कुत्रें ओळखीचें किंवा घरचें असेल तर पहिलें काम एकच, आणि तें म्हणजे तें जेथें पडलें असेल तेथेंच त्याचें अंग थंड करणें. वैद्याकडे नेण्याची घाई त्यानंतरची. परळच्या जनावरांच्या दवाखान्यापर्यंत पोंचावयास रस्त्यावरच्या गर्दींत किती वेळ लागेल याचा नेम नसतो, आणि वाढलेल्या उष्णतेनें शरीराचा नाश प्रत्येक मिनिटाला चालूच असतो. कुत्र्याला सावलींत न्यावें. तें तरुण व निरोगी असेल तर थंड पाण्याच्या टबांत किंवा पिंपांत मानेपर्यंत बुडवावें, आणि डोकें हातानें वर धरून ठेवावें. म्हातारें किंवा आजारी असेल तर अंगावर सारखें पाणी ओतीत राहून पंख्यानें, नाहींतर पुठ्ठ्यानें वारा घालावा. पाणी पोट, मांड्यांची आंतली बाजू व काखा यांना लागेल असें पाहावें. थंड पाण्यानें कातडीच्या रक्तवाहिन्या आंखडून अपाय होतो असें पूर्वीं सांगत. परंतु अलीकडील अभ्यासानें ती भीति मागें पडली आहे, आणि विलंब हाच मोठा शत्रु ठरला आहे. मासळीसाठीं आणलेल्या बर्फाचें पाणी कोळीवाड्यांत हाताशीं असतें, तें अशा वेळीं खुशाल वापरावें. दुसरें कांहींच नसलें तर अंगावर ओतावयास समुद्राचें पाणीहि चालतें; पाजावयाला मात्र नाहीं. ओला टॉवेल अंगावर झांकून ठेवूं नये. तो लवकरच कोमट होऊन उष्णता आंत कोंडतो. शुद्धीवर असल्यास कुत्र्यापुढें गोड्या पाण्याचें भांडें ठेवावें, पण बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडांत पाणी घालूं नये. तें श्वासनळींत जाण्याचा संभव असतो. उष्णतामापक असेल तर १०३ अंश फॅरनहाइटपर्यंत उष्णता उतरतांच पाणी ओतणें थांबवावें, नाहींतर अंग प्रमाणाबाहेर थंड पडतें.

कुत्रें उठून शेपूट हालवूं लागलें म्हणजे संकट टळलें असें पुष्कळांना वाटतें. तसें समजूं नये. मूत्रपिंडांचा बिघाड व रक्त गोठण्यांतील दोष हे कधीं एक-दोन दिवसांनीं उघड होतात, म्हणून त्याच दिवशीं पशुवैद्याला दाखविणें आवश्यक आहे. या बाबतींत मध्य मुंबईचे रहिवासी भाग्यवान आहेत. मुंबईंत प्राण्यांच्या छळास आळा घालणारी संस्था १८७४ सालीं स्थापन झाली, आणि सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्यानें पुढील दशकांत परळ येथें बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय उभें राहिलें. मुंबईचें पशुवैद्यकीय महाविद्यालयहि १८८६ सालीं परळासच सुरू झालें. ज्या शहरानें पन्नास वर्षांपूर्वीं उन्हाळ्यांत कुत्रीं मारण्याला बक्षीस दिलें होतें, त्याच शहरांत त्यांच्या शुश्रूषेसाठीं खाटा मांडल्या गेल्या, ही त्याला भूषणावह अशी गोष्ट होय.

कायद्याचीहि साक्ष याच बाजूला आहे. प्राण्यांना क्रूरपणें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० सालच्या कायद्याप्रमाणें, पाळलेल्या प्राण्यास पुरेसें अन्न, पाणी व निवारा न देणें आणि त्याला गैरवाजवी आंखूड साखळीनें दीर्घकाळ बांधून ठेवणें हा अपराध आहे. भटक्या कुत्र्यांविषयींच्या २००१ व २०२३ सालच्या नियमांतहि शस्त्रक्रिया व लस झालेल्या कुत्र्याला त्याच्या मूळ जागीं परत सोडावें हें तत्त्व आहे. म्हणजे गल्लींतलें कुत्रें गल्लींतच राहावयाचें, आणि वैशाखांत तें जगावयाचें तर गल्लींतल्याच सावलीवर व पाण्यावर जगावयाचें. त्यासाठीं कोणाला मोठा खर्च पडत नाहीं. येण्याजाण्याच्या वाटेवरून बाजूला ठेवलेलें एक भांडें, कोणी बसलें असतां हांकून न दिलेली एक सावली आणि दुपारच्या वेळीं मुलांच्या हातून काढून घेतलेला एक दगड, एवढें पुरतें.

पहिला पाऊस पडला म्हणजे ही काळजी संपते असें मात्र कोणीं मानूं नये. पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरांत मुंबईस पुन्हां तसाच उष्मा होतो, जमीन ओली आणि ऊन कडक अशी ती ऋतु असते, आणि लोक तोंवर उन्हाळ्याचीं भांडीं माळ्यावर टाकून मोकळे झालेले असतात. पाण्याचें भांडें दसरा-दिवाळीपर्यंत दाराबाहेर राहूं द्यावें.